दोन माड आणि दोन किलोवॅट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवावेत म्हणून पुण्यातला माझा मुलगा वर्षभर मागे लागला आहे. त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. महिन्याला २४० युनिटांना त्याला तिकडे जे बिल येतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात तेवढ्याच युनिटांचं माझं गोव्यातलं, साखळीचं घर चालतं. मोबाइलवर 'चार वर्षांत पैसे वसूल' म्हणून जे मराठी व्हिडिओ येतात, ते सगळे महाराष्ट्राच्या दराने केलेले असतात. गोव्यात वीज स्वस्त, म्हणून इथे पैसे सावकाश फिटतात. ही साधी गोष्ट मला कुणीच सांगितली नाही.

दूध सोसायटीचे हिशेब मी २८ वर्षं लिहिले. तेव्हा विक्रेत्याचा मुलगा कोटेशन घेऊन आला, तशी मी पेन्सिल घेऊन बसले. तो म्हणाला, "काकी, तीन किलोवॅटच घ्या, ७८ हजार अनुदान मिळतं." केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत तेवढं मिळतं, खरं आहे. पण पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजारच, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. आमच्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याहूनही कमी. ते सोडले तर दोन किलोवॅटची महिन्याला साधारण २४० युनिटं होतात, म्हणजे मला दोन पुरेत. त्याचे १ लाख ३५ हजार, अनुदान वजा जाता ७५ हजार माझ्या पदरचे. बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, तो सोडून वर्षाला आठ हजार वाचतील. साडेनऊ वर्षांत फिटले. पॅनेलची हमी २५ वर्षांची, पण पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. तरीही घ्यावं असं माझं मन झालं होतं.

मग तो विक्रेत्याचा मुलगा छपरावर चढला. पुढचं घर कौलारू, तिथे नुसता पाय ठेवला तरी कौल फुटतं. मागे स्वयंपाकघरावर स्लॅब आहे, पण दक्षिणेला दोन माड, सासऱ्यांनी लावलेले. सकाळी दहापासून झावळांची सावली स्लॅबवर फिरत असते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज बरीच घटते. त्यात वरून नारळ पडला तर काच गेलीच. विक्रेत्याचा मुलगा सहज म्हणाला, "माड काढून टाका."

आपल्याकडे २०१६ साली सरकारनेच माडाला झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढलं होतं. लोक चिडले, २०१७ मध्ये त्याला परत आत घेतलं आणि वर राज्यवृक्षही केलं. आता तोडायचा तर परवानगी लागते. ते बाजूला ठेवून मी माडांचाही हिशेब मांडला. दोन्ही मिळून वर्षाला १४० नारळ. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याची मजुरी वजा करून नारळामागे ३० रुपये धरले तरी ४,२०० रुपये होतात. आठ हजारांतून ते गेले, उरले ३,८००. ७५ हजार फिटायला वीस वर्षं. मी आज ६३ वर्षांची आहे.

हाच हिशेब आमच्या शेजाऱ्यांना लावला तर उत्तर वेगळं येतं. त्यांच्याकडे दोन एसी, सपाट गच्ची, आजूबाजूला झाड नाही, महिन्याला साडेपाचशे युनिटं. सौर वीज वापरली की बिलातली सगळ्यात महाग, वरच्या दराच्या टप्प्यातली युनिटं आधी कमी होतात. त्यांचे तीन किलोवॅटचे पैसे पाच-सहा वर्षांत सुटतील. एप्रिलमध्ये त्यांना दिवसाला बारा-तेरा युनिटं मिळत होती, जुलैत काही दिवस तीनच.

मात्र चवथीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाईट गेली, तेव्हा त्यांच्याही घरात पंखे बंद. घरभर पाहुणे, वर कडक ऊन, पॅनेल चकाकतायत आणि खाली सगळे पेपरने वारा घेतायत! बॅटरी नसलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की मुद्दाम बंद पडते, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. कारण पटण्यासारखं आहे, पण त्यांना हे पैसे भरण्याआधी कळायला हवं होतं.

आपल्या पत्राने गोव्याच्या वीजदराने एकदा हा तक्ता छापावा, ही विनंती: १५० युनिटं, ३०० युनिटं, ५०० युनिटं जाळणाऱ्या घरांचे पैसे किती वर्षांत फिटतात. आणि विक्रेत्यांनी कोटेशनच्या आधी छपरावर चढून सावली बघावी. आमच्याकडे तो मुलगा तिसऱ्या फेरीला वर चढला.

सध्या मी पॅनेल घेत नाही. दोनांतला एक माड तसा म्हातारा झाला आहे, पण यंदाही त्याला चांगले घड लागलेत.

आपली,
एक वाचक, साखळी