क्लोरोक्विन, स्तनाचा कर्करोग आणि तुझी प्लेट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रयोगांचा आराखडा सावकाश वाचला. हिवतापाचं जुनं औषध स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर चालतं का, हा प्रश्न तू हातात घेतलास याचा मनापासून आनंद झाला. क्लोरोक्विन १९३४ साली बायरच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरसाग यांनी तयार केलं. इतकी दशकं वापरलेलं, स्वस्त, दुष्परिणाम ठाऊक असलेलं औषध नव्या कामाला लावावंसं वाटणारच. पण प्लेटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या ताटलीत, पेशी मारणं सोपं असतं. त्या कशामुळे मेल्या आणि तेवढं औषध शरीरात पोचतं का, हे दाखवताना खरा कस लागतो.

म्हणून आधी डोसचं बोलू. तू औषधाची तीव्रता १० ते १०० मायक्रोमोलर (लिटरमागे तितके मायक्रोमोल) धरली आहेस. रोज ४०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (क्लोरोक्विनचंच जवळचं भावंड) घेणाऱ्याच्या रक्तात ते दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे साधारण ३ मायक्रोमोलर. ऊतींमध्ये ते याहून बरंच जास्त साठतं हे खरं, पण त्या आधारावर ५० मायक्रोमोलरचं समर्थन होत नाही. डोस वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे: डोळ्याच्या पडद्याला जपायचं तर दीर्घकाळासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिवसाला दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वेगळाच. तेव्हा ०.३, १, ३, १०, ३० अशी रांग लाव. १०० हवं तर ठेव, पण निष्कर्ष त्यावर उभा करू नकोस.

स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करायचं मूळ द्रावण, करताना बाटलीवरचं नाव नीट वाच. बहुतेक वेळा ते क्लोरोक्विन डायफॉस्फेट असतं, रेणुभार ५१५.९. नुसत्या क्लोरोक्विनचा रेणुभार ३१९.९ धरून वजन केलंस तर १० मिलिमोलरऐवजी ६.२ मिलिमोलरच हातात येईल आणि सगळे आकडे सरकतील. १० मिलिलिटर पाण्यात ५१.६ मिलिग्रॅम विरघळव, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ, लहान नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर अंधारात ठेव. डीएमएसओ या नेहमीच्या द्रावकाच्या वाटेला जाऊ नकोस, हा क्षार त्यात विरघळत नाही. कंट्रोललाही, म्हणजे औषध न घातलेल्या पेशींनाही, तेवढंच पाणी घाल.

आता पीएच. तुझ्या आराखड्यात त्याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते निम्मा घोळ इथेच होतो. क्लोरोक्विन ही सौम्य आम्लारी. भार नसलेला रेणू पेशीपटलातून सहज आत जातो. लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशवीत, पीएच ४.५ ते ५, तिथे प्रोटॉन चिकटले की तो भारित होऊन अडकतो. लायसोसोम पाणी ओढून फुगतात. जास्त डोसला काही तासांतच फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाभोवती स्वच्छ, चकचकीत कडांच्या पोकळ्या दिसतात. बाहेरचं मीडियमच (पेशींचं पोषक द्रावण) आंबलं तर मात्र रेणूंवर बाहेरच प्रोटॉन बसतात. शिवाय एका रेणूवर असे दोन बसतात, त्यामुळे पीएच ७.४ वरून ६.८ वर आला तर भार नसलेल्या रेणूंचं प्रमाण दहापटीहून जास्त घटतं. दाट भरलेल्या, पिवळ्या पडलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) औषध ‘चालत नाही’ ते यामुळे. एमडीए-एमबी-२३१ या स्तनकर्करोगाच्या पेशी तू एल-१५ मीडियममध्ये वाढवणार असशील तर लक्षात ठेव, ते मोकळ्या हवेसाठी बनवलेलं आहे. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ते आंबतं.

गाठीच्या आतही बऱ्याचदा अशीच आम्लता असते. म्हणून एक प्लेट मुद्दाम ६.८ वर कर: बायकार्बोनेट कमी, पीएच स्थिर ठेवणारं हेपीस २५ मिलिमोलर, आणि मीडियम रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून बाहेर काढल्या काढल्या पीएच मोज. बाकावर थोडा वेळ राहिलं तरी वायू उडून जातो आणि आकडा वर चढतो. सगळ्या आराखड्यात मला सगळ्यात जास्त उत्सुकता या प्लेटची आहे.

मोजणीसाठी ९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ४ ते ५ हजार पेशी, २४ तास चिकटू दे, मग ७२ तास औषध. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, तिथे नुसतं पीबीएस (क्षारांचं साधं द्रावण) भर. औषध घालतानाच्या क्षणाची एक वेगळी प्लेट मोजून ठेव. ती नसेल तर वाढ थांबली की पेशी मेल्या हे कळायला मार्ग नाही. एमटीटी ही रंगचाचणी चयापचय मोजते, मृत्यू नव्हे. सोबत मेलेल्या पेशी रंगवणारं ट्रिपॅन ब्लू आणि वसाहती मोजण्याची चाचणी हवीच. न्यूट्रल रेड मात्र काढून टाक: तो रंग स्वतःच लायसोसोममध्ये साठतो आणि तुझं औषध नेमकं त्याच जागेत ढवळाढवळ करतं.

एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये तू कॅस्पेज-३ हे पेशीमृत्यूचं विकर शोधणार आहेस; त्या पेशींत ते नसतंच. तिथे अ‍ॅनेक्सिन व्ही (मरत्या पेशींना चिकटणारं प्रथिन) किंवा पार्प या प्रथिनाचे तुकडे बघ, ते कॅस्पेज-७ मुळे होतात. तुझ्या यादीतली एमडीए-एमबी-४३५ ही स्तनाची म्हणून वर्षानुवर्षं वापरली गेली, पण ती मेलानोमाची निघाली. ती वगळ. उरलेल्या सेल लाइनची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशीवंशांची) एसटीआर तपासणी, म्हणजे डीएनएवरून ओळख, आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची चाचणी सुरुवातीलाच करून घे. तुलनेला एमसीएफ-१०ए या कर्करोग नसलेल्या स्तनपेशी असू देत.

ऑटोफॅजीबद्दल, म्हणजे पेशी स्वतःचाच टाकाऊ माल पचवते त्याबद्दल, ‘एलसी३-२ (तिचं खूणप्रथिन) वाढलं म्हणजे ऑटोफॅजी वाढली’ असं लिहिलं आहेस. तसं नाही. क्लोरोक्विन शेवटची पायरी अडवतं, ऑटोफॅगोसोम (पचवायचा माल गुंडाळलेली पिशवी) आणि लायसोसोम एकमेकांत मिसळू देत नाही. माल साचतो म्हणून ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) एलसी३-२ ची पट्टी गडद होते. चार लेन ठेव: काहीच नाही, बॅफिलोमायसिन (हीच पायरी अडवणारं दुसरं रसायन) १०० नॅनोमोलर शेवटचे ४ तास, फक्त क्लोरोक्विन, आणि दोन्ही. क्लोरोक्विनने पूर्ण अडवलं असेल तर बॅफिलोमायसिनने आणखी भर पडणार नाही. ऑटोफॅजीत पचून जाणारं पी६२ हे प्रथिनही सोबत बघ. एलसी३-१ आणि एलसी३-२ या पट्ट्या १६ आणि १४ किलोडाल्टनच्या आसपास येतात, म्हणून १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांचा पीव्हीडीएफचा पडदा, ०.४५ मधून प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं. नमुने पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नकोस, एलसी३-१ टिकत नाही.

एवढं करूनही पेशी ऑटोफॅजी अडल्यानेच मेल्या असं ठरत नाही. ऑटोफॅजीला लागणारं एटीजी७ हे जनुक काढून टाकलेल्या पेशींत क्लोरोक्विन तितकंच मारत असेल तर कारण दुसरीकडे आहे. उंदरांच्या स्तनकर्करोगाच्या पेशींत २०१२ साली असंच दिसलं होतं: क्लोरोक्विनने केमोथेरपीचा परिणाम वाढला, पण ऑटोफॅजीची जनुकं दाबून तसं झालं नाही. हा कंट्रोल वेळखाऊ आहे, तरी त्याच्याशिवाय शोधनिबंध पाठवू नकोस.

रुग्णांमध्ये काय दिसलं तेही डोळ्यांसमोर असू दे. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम क्लोरोक्विन एकटंच देऊन पाहिलं, तेव्हा की-६७ मध्ये (पेशी किती वाढताहेत ते दाखवणाऱ्या खुणेत) प्लासिबोपेक्षा ठळक फरक पडला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत मात्र उपचारानंतर अस्थिमज्जेत दडून राहिलेल्या सुप्त पेशींवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि एव्हरोलिमस हे कर्करोगाचं औषध वापरलं गेलं, आणि पुष्कळ जणींमध्ये त्या पेशी दिसेनाशा झाल्या. म्हणून मला वाटतं, झपाट्याने वाढणाऱ्या पेशींइतकंच लक्ष तू उपाशी, थांबलेल्या पेशींकडे दे. मीडियममधलं सीरम (पेशींना वाढवणारा रक्तद्रव) ०.५ टक्क्यावर आणून तीच डोसची रांग पुन्हा लाव. आणि कुणी तुझं काम ऐकून गोळ्या सुरू करू का विचारलं, तर स्पष्ट नाही म्हण आणि त्यांना त्यांच्या कर्करोगतज्ज्ञाकडे पाठव.

पहिला ब्लॉट निघाला की अख्ख्या पडद्याचा फोटो पाठव, पट्ट्या कापून नको. ६.८ च्या प्लेटचे आकडेही त्याच वेळी पाठव, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

तुझाच,
मित्र