बाहेरून आलेल्या पार्टवरचे फिलेट निघत नाहीत, याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्टेप फाइलमधल्या पार्टवरचे राउंड काढण्यातला दोष व वार्षिक देखभाल शुल्क

महोदय,

जळगाव एमआयडीसीत आम्ही प्लास्टिकचे मोल्ड बनवतो. ठिबकच्या फिटिंग्जचे काम जास्त. तुमचे कॅड सॉफ्टवेअर घेतले ते बाहेरून आलेल्या पार्टवरचे राउंड, म्हणजे कडा-कोपऱ्यांना दिलेली गोलाई (फिलेट), काढता येतात, हे तुमच्या प्रतिनिधीने करून दाखवले म्हणून. दाखवले होते एका साध्या ठोकळ्यावर. आमच्या पार्टवर ते चालत नाही.

गिऱ्हाईक पार्ट पाठवते स्टेप फाइलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये. त्यात तयार आकार तेवढा येतो. कोणते फिलेट कशानंतर दिले, हा इतिहास येत नाही. बऱ्याच पार्टच्या भिंती सरळ उभ्या असतात. तसाच मोल्ड केला तर पार्ट कोअरला (मोल्डच्या आतल्या गाभ्याला) धरून बसतो, काढताना ओरखडतो. म्हणून आधी राउंड उडवायचे, भिंतीला ड्राफ्ट (किंचित उतार) द्यायचा आणि मग राउंड परत घालायचे. हे आमचे रोजचे काम आहे.

रिब (आधाराची पातळ पट्टी) बॉसला (पार्टवरच्या गोल उंचवट्याला) मिळते आणि तीन राउंड एका कोपऱ्यात येतात, तिथे तुमचे सॉफ्टवेअर 'क्रिया अयशस्वी' एवढेच सांगून थांबते. फिलेटचा फेस (पृष्ठभागाचा तुकडा) काढला की शेजारचे फेस वाढवून एकमेकांना भिडवावे लागतात, आणि ते भिडले नाहीत तर काम अडते, हे मला कळते. पण कोणते फेस भिडले नाहीत, ते रंगवून का दाखवत नाही? ते दिसले तर कोपऱ्यातला गोल तुकडा आणि त्याला लागलेले तिन्ही राउंड एकत्र निवडून पाहता येईल, किंवा तेवढा भाग कापून नव्याने बांधता येईल. आज आम्ही एकेक फेस निवडून अंदाजाने चाचपडतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. दिलेल्या त्रिज्येपर्यंतचे सगळे फिलेट आपोआप शोधून काढण्याचा जो पर्याय आहे, त्याने एका फिटिंगवरची रबर रिंग बसायची गोल खाच फिलेट समजून बुजवून टाकली. इशारा नाही, काढलेल्या फेसची यादी नाही. आमच्या सीएनसी प्रोग्रामरच्या नजरेला आले म्हणून वाचलो, नाहीतर स्टील कापले गेले असते आणि तो मोल्ड गळक्या फिटिंग्ज देत राहिला असता. खानदेशात बागायती कापूस मे महिन्यात ठिबकवर लागतो. त्या वेळी गळकी फिटिंग शेतकऱ्याच्या हातात पडली तर नुकसान कोणाचे?

तुमच्या मदत कक्षाचे उत्तर आले की गिऱ्हाइकाकडून मूळ फाइल मागवा. मूळ फाइल मिळत असती तर हे सॉफ्टवेअर घेतलेच कशाला असते? आपल्या डिझाइनचा इतिहास दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणूनच तर गिऱ्हाईक स्टेप देते.

तरी आपोआप शोधण्याच्या पर्यायात फेस काढण्याआधी यादी दाखवून संमती घ्यावी, आणि अयशस्वी झाल्यास अडलेला फेस दाखवावा. हे कोणत्या आवृत्तीत होईल, ते १५ दिवसांत लेखी कळवावे. तोवर देखभाल शुल्काचे बिल आम्ही भरणार नाही. होणारच नसेल तर परवान्याचे पैसे परत करावेत.

खाच बुजण्याआधीची व नंतरची अशा दोन्ही फाइली सोबत जोडल्या आहेत. तुमच्या तंत्रज्ञाने त्या स्वतः उघडून पाहाव्यात.

आपला,
मोल्ड डिझायनर व परवानाधारक ग्राहक
एमआयडीसी, जळगाव