बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

गार्बरव्हिल, हम्बोल्ट काउंटी, कॅलिफोर्निया
८ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "तुमच्याकडे म्हणे गांजा पिकवायला सरकारचीच परवानगी आहे. मग शेतकऱ्यांची चांदी झाली असेल?" मी "नाही हो" एवढंच म्हणाले आणि फोन तुटला. पण तो प्रश्न आठवडाभर मनातून गेला नाही. हे फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. दादा-वहिनी, सोनू जानेवारीत इकडे शिकायला येतोय, तेव्हा पत्राचा शेवटचा भाग त्यालाही वाचायला द्या.

आमचं गाव सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सुमारे ३२० किलोमीटरवर, डोंगरात. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, मिळून इथले लोक पाचूचा त्रिकोण म्हणतात, तो या पिकामुळेच. पूर्वी इथला धंदा लाकडाचा. रेडवूडची शेकडो वर्षांची झाडं कापून नेली, तोडलेले डोंगर स्वस्तात विकले गेले आणि सत्तरच्या दशकात शहराला कंटाळलेली तरुण मंडळी ती जमीन घेऊन राहायला आली. आमच्या शेजारच्या आजी त्यांतल्याच. आता ७३ वर्षांच्या आहेत. आधी त्यांनी स्वतःपुरती चार झाडं लावली. मग या लोकांना एक युक्ती कळली: नराची झाडं वेळेत ओळखून उपटून टाकायची, म्हणजे मादीच्या फुलात बी धरत नाही आणि माल जोरकस होतो. आजी अजूनही जुलैत भिंग घेऊन एकेक झाड तपासतात. फांदीच्या बेचक्यात गाठीसारखं दिसलं की नर, दोन पांढरे केस दिसले की मादी. मी एकदा त्यांच्यामागून सगळा वाफा फिरले, मला दहातलं एकही ओळखता आलं नाही.

१९८३ पासून दर उन्हाळ्यात पोलिसांची हेलिकॉप्टरं यायला लागली. १९९० साली तर इथल्या डोंगरात लष्कराचे जवान उतरवले होते. आजी सांगतात, आवाज आला की पोरांना झाडाखाली बोलवायचं, आणि आईबाप काय करतात हे शाळेत सांगायचं नाही अशी ताकीद द्यायची. आजींच्या यजमानांना, म्हणजे आजोबांना, १९८६ साली पकडलं आणि त्यांनी तुरुंग पाहिला. आता बाबा, यातली खरी गोम ऐका. पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, एके काळी ४,००० डॉलरपर्यंत भाव मिळायचा. तो भाव पिकाचा नव्हता, तुरुंगाच्या भीतीचा होता. ज्याची छाती होती त्यानेच लावलं, म्हणून माल कमी आणि पैसा जास्त.

त्या पैशावर हा मुलूख उभा राहिला. डोंगरातलं स्वयंसेवकांचं अग्निशमन दल, समाजमंदिर, शाळेला मदत, सगळीकडे तो पैसा लागलेला. आणि त्याच पैशाने घाणही आणली. बंदुका आल्या, दरोडे पडले, माणसं डोंगरात गेली ती परत आली नाहीत. फुलं छाटायला आलेल्या तरुण मुलींना काय काय सोसावं लागलं त्याच्या गोष्टी इथल्या बायका हळू आवाजात सांगतात. सरकारी जंगलात चोरून लावणाऱ्यांनी ओढे अडवले, त्यामुळे सामन माशांचं उन्हाळ्यातलं पाणी आटलं. उंदरांसाठी टाकलेल्या विषाने फिशर नावाचा मुंगसासारखा प्राणी मेला. म्हणून जुने दिवस सोन्याचे होते असं कोणी म्हणालं की मला पटत नाही.

वैद्यकीय वापराला परवानगी १९९६ सालीच मिळाली होती, अमेरिकेत सगळ्यांत आधी कॅलिफोर्नियात. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदान झालं, ५७ टक्के लोकांनी होकार दिला आणि १ जानेवारी २०१८ पासून दुकानांत विक्री सुरू झाली. २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने २८.५ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगावा, घरी सहा झाडं लावावीत. यातून जे चांगलं झालं ते आधी सांगते, कारण ते फार मोठं आहे. थोड्याशा पुडीसाठी पोरांना बेड्या पडायच्या, ते थांबलं. त्याही सगळ्यांना सारख्या पडत नव्हत्या. देशभराचा हिशेब पाहिला तर गोरे आणि काळे सारख्याच प्रमाणात ओढतात, पण पकडले जायचे ते काळे, साडेतीन पटींहून जास्त. जुने गुन्हे पुसायची किंवा कमी करायची सोयही कायद्याने केली. एकट्या सॅन फ्रान्सिस्कोत नऊ हजारांवर प्रकरणं निघाली. आजोबांच्या नावावरचा तीस वर्षांपूर्वीचा गुन्हा असाच खालच्या दर्जाचा केला गेला. त्यासाठी ते स्वतः कोर्टात जाऊन आले. आता ते नाहीत, पण तो कागद आजींनी घराच्या खरेदीखताबरोबर ठेवला आहे.

मग चांदी का झाली नाही?

परवाना काढायचा तर आधी रस्ता नीट करा, ओढ्यावरची मोरी मोठी करा, जीवशास्त्रज्ञाचा अहवाल आणा. एप्रिल ते ऑक्टोबर ओढ्यातून थेंबभर पाणी उचलायचं नाही, त्यासाठी पावसाळ्यातलं पाणी साठवायला तळं खणा. यातलं बरंचसं योग्यच आहे, मासे वाचायला हवेतच. पण आजींनी या सगळ्यासाठी घर गहाण टाकलं. प्रत्येक झाडाला सरकारी नंबराचा प्लॅस्टिकचा बिल्ला बांधावा लागतो. झाड मेलं तरी त्याची नोंद, पाला फेकला तरी त्याचं वजन. वर लागवडीचा कर वजनावर, औंसाला सव्वानऊ डॉलर, म्हणजे पौंडाला १४८. भाव चढो की पडो, कर तेवढाच, उलट पुढे तो वाढवला. आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून निषिद्धच, त्यामुळे पीककर्ज नाही, केंद्राचा पीकविमा नाही, माल दुसऱ्या राज्यात विकायची सोय नाही, बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत. धंदा बुडाला तर केंद्राच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्जसुद्धा करता येत नाही. कर भरायला आजी नोटांची पिशवी घेऊन युरेकाला जायच्या, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर.

हेही सगळं निभावलं असतं. घात दुसरीकडे झाला. मतदानाच्या वेळी लहान शेतकऱ्यांना शब्द दिला होता की पहिली पाच वर्षं एकरापेक्षा मोठ्या लागवडीला परवाना मिळणार नाही. त्या भरवशावर इथल्या कित्येकांनी होकाराचं मत दिलं. आणि २०१७ च्या शेवटी नियम आले तेव्हा त्यात एका माणसाने लहान परवाने किती घ्यावेत याला मर्यादाच नव्हती. झालं. भांडवलवाल्यांनी डझनावारी लहान परवाने एकाला एक जोडले आणि दक्षिणेकडे सांता बार्बरा, सॅलिनास भागात फुलांच्या जुन्या काचघरांत एकरच्या एकर गांजा उभा केला. तिथे वर्षाला तीन-चार पिकं निघतात, आजींच्या डोंगरावर एक. उलट विकायची दुकानं मोजकीच, कारण दुकान नको म्हणायचा हक्क प्रत्येक शहराला आहे आणि निम्म्याहून जास्त गावांनी नको म्हटलं. दुकानातला माल करांमुळे महाग, म्हणून गिऱ्हाईक अजून चोरट्या मालाकडे जातं. पिकवणारे वाढले, दारं तेवढीच. २०२१ मध्ये भाव कोसळला, २०२२ मध्ये पौंडाला काही शे डॉलरवर आला. सरकारने त्या जुलैत लागवडीचा कर रद्द केला, पण तोवर आजींच्या माळ्यावर दोन हंगामांचा माल पडून होता. व्यापारी आला, त्याने पिशवी उघडून वास घेतला आणि भाव सांगितला. छाटणीची मजुरीही निघत नव्हती. बाबा, त्या वेळचा आजींचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मी लहानपणी आपल्या ओसरीवर पाहिलेला आहे, त्यामुळे मला काही विचारावं लागलं नाही.

मी ज्या दुकानात हिशेब लिहिते तिथे माती, खत, पाइप असला माल मिळतो. तिथे गल्ल्याशेजारी एक फळी आहे. पूर्वी ऑक्टोबरात त्या फळीवर छाटणीच्या कात्र्या आणि टर्की भाजायच्या पिशव्या लावलेल्या असायच्या. त्या पिशव्यांतून वास बाहेर येत नाही, म्हणून माल त्यांत भरायचे. जुन्या नोकरांनी सांगितलं की दिवसात दोनदा फळी भरायला लागायची. जगभरातून छाटणीला पोरं यायची, पौंडाला २०० डॉलर मजुरी. या वर्षी कात्र्यांचं एकच खोकं उघडलंय. उधारीची वही मात्र माझ्याकडेच आहे आणि तीत अशी नावं आहेत ज्यांनी पूर्वी कधी उधार घेतलं नव्हतं. समोरचं हॉटेल बंद झालं. माझे यजमान शाळेत शिकवतात, त्यांच्या वर्गातली तीन घरं या उन्हाळ्यात ओरेगनला निघून गेली. अग्निशमन दलाच्या जेवणाला पूर्वी पाकिटांत जाड नोटा यायच्या, यंदा लोक सुटे डॉलर मोजून देत होते.

आता मला जे सगळ्यांत जास्त लागलं ते सांगते. मार्चमध्ये आजी आमच्याकडे आल्या, हातात बुटांचं खोकं, त्यात पावत्या. म्हणाल्या, तू हिशेब लिहितेस, माझा एवढा करून दे, मी पैसे देईन. आणि मला नाही म्हणावं लागलं. आमचं ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं, नागरिकत्वाच्या अर्जाला अजून चार वर्षं आहेत. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलंय की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाच्या धंद्यात काम केलेल्या माणसाचं नागरिकत्व अडू शकतं, कारण केंद्राच्या लेखी तो गुन्हाच. मी वकिलाला विचारलं, ती म्हणाली, हात लावू नका. ज्या बाईने मला या देशात पहिल्या हिवाळ्यात लाकडं फोडायला शिकवलं, तिला मी तिच्या पावत्याही लावून दिल्या नाहीत. त्या रागावल्या नाहीत. "तुझ्याकडे कागद आहेत ते जप," एवढंच म्हणाल्या आणि खोकं उचलून गेल्या.

म्हणून दादा, सोनूसाठी लिहिते. त्याचं वय २२, म्हणजे दुकानदार त्याला बिनदिक्कत माल देईल. वर्गातली पोरं ओढतील, कोणी नावं ठेवणार नाही, आणि त्याला वाटेल की इथे हे चालतं. त्यांना चालतं. त्याला नाही. परदेशी विद्यार्थ्याने नुसतं "मी घेतलाय" असं अधिकाऱ्यापुढे कबूल केलं तरी पुढच्या वेळी देशात शिरताना अडवू शकतात. सीमेवर फोन तपासतात, त्यातले फोटोही बोलतात. सुट्टीत अशा शेतावर मजुरी करायची तर मुळीच नाही. गोळ्या, चॉकलेटं, बिस्किटं यांच्या रूपातही तो मिळतो. एका तुकड्यात १० मिलिग्रॅम आणि पूर्ण पाकिटात १०० पर्यंत, आणि अंमल चढायला तास-दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून पोरं दुसरा तुकडा खातात आणि मग इस्पितळात पोचतात. कोणाच्या घरी ताटलीत काही ठेवलेलं दिसलं तर विचारून खा म्हणावं.

आणि वहिनी, कायदेशीर म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका. १९९५ च्या सुमाराला पकडलेल्या मालात नशेचं द्रव्य ४ टक्क्यांच्या आसपास असायचं, आता १५ च्या घरात असतं, आणि अर्क काढलेल्या मालात त्याच्याही कितीतरी पट. रोज घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते सुटत नाही. कोवळ्या वयात जोरकस माल घेणाऱ्यांत भ्रमाचे आजार जास्त दिसतात. ज्याच्या घराण्यात असा आजार आहे त्याने तर दूरच राहावं, आणि आपल्या काकांचं तुम्हाला माहीतच आहे. हे सोनूला घाबरवायला नाही, सगळं सांगून पाठवा म्हणून लिहितेय.

बाबा, पुन्हा तुमच्याकडे येते. आजींनी यंदा परवाना परत केला. बिल्ले काढून मोजून दिले. घरामागे कायद्यातली सहा झाडं ठेवलीत, तीही त्या बियाण्यासाठी, जे त्या १९७९ पासून सांभाळताहेत. वरचे वाफे मोकळे पडलेत. काल कुंपणाशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "तुझे वडील शेतकरी आहेत ना? त्यांना विचार, ते असते तर इथे काय लावलं असतं?" जमीन पाव एकरच आहे. उतार दक्षिणेचा, दिवसभर ऊन. माती तांबूस, पण पन्नास वर्षं खत घालून मऊ केलेली. पाऊस फक्त हिवाळ्यात, भरपूर. एप्रिलपासून कोरडं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गोठतं. परवान्यासाठी खणलेलं तळं काठोकाठ भरतं आणि ते आता त्यांच्या मर्जीने वापरता येईल. ठिबक टाकलेलं आहे, नळ्या चांगल्या आहेत. हरणं फार, कुंपण आठ फुटी आहे.

नीट विचार करून सांगा. सोनू निघायच्या आधी लिहून त्याच्याजवळ द्या, मी आजींना वाचून दाखवीन.

आईला सांगा, गुडघ्याची गोळी जेवल्यावरच घे.

तुमची लेक