काटा नसेल तर तो हलवा कसला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पौष लागला की संक्रांतीसाठी दुकानांवर ‘काटेरी हलवा’ अशा पाट्या लागतात आणि पाकिटातून मात्र गुळगुळीत साखरगोळ्या निघतात. त्याच सुमारास पुरवण्यांमधून ‘झटपट हलवा’ छापून येतो. आपण निदान दुसरा प्रकार तरी थांबवावा, म्हणून हे पत्र.

हलवा झटपट होतच नाही. पाव वाटी पॉलिशच्या तिळांना दोन वाट्या साखर लागते आणि ती चमच्याचमच्याने मुरवावी लागते. साखरेच्या निम्मं पाणी, उकळी आली की चमचाभर दूध, वर येणारी मळी काढून टाकायची. पाक जेमतेम एकतारी हवा. घट्ट झाला तर तिळावर बसायच्या आतच सुकतो आणि परातीत नुसता भुगा पडतो.

परात तळहाताला सोसेल इतपतच गरम असावी. एक चमचा पाक, मग बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवणं, पूर्ण सुकला की पुढचा चमचा. दोन चमचे एकदम पडले की दाणे एकमेकांना धरतात, शिवाय आधी आलेला काटा विरघळतो तो वेगळाच. आच वाढली तर साखर पिवळी पडते. भुगा मधूनमधून चाळून काढावा. त्याचा पुन्हा पाक होतो.

काटा येतो तो या हलक्या हातामुळे. दाण्यावरचा बारीकसा उंचवटा आधी सुकतो, पुढचा थर त्याच्यावरच चढतो. रगडून फिरवलं की टोकं झिजली! पहिल्या दिवशी तीळ फक्त पांढरा होतो. काटा दिसायला दुसरा, कधी तिसरा दिवस उजाडतो. आभाळ आलं असेल तर बसूच नये, दमट हवेत पाक सुकत नाही. साबुदाण्याचा हलवा लवकर मोठा दिसतो, खसखशीचा करायला सगळ्यात चिवट. भाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी ही बैठक जमेस धरावी. आणि विकणाऱ्यांनी पाकिटावर आत तीळ आहे की साबुदाणा एवढं तरी लिहावं.

हलव्याच्या दागिन्यांबद्दलही थोडं. सुईने टोचला तर दाणा फुटतो, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या फासात आवळून गुंफतात. हल्ली पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले, तार आणि टिकल्या लावलेले दागिने स्वस्त मिळतात. नव्या सुनेच्या काळ्या साडीवर ते शोभतील, पण बोरन्हाणासाठी घेऊ नयेत. बाळ मुकुट डोक्यावर ठेवून घेत नाही, पहिल्यांदा तोंडातच घालतं.

– हलवा करणाऱ्या काही जणी, पुणे