हुतात्म्याच्या घरचंही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विजय दिनाला तुमच्या पानावर खान्देशातल्या १९७१ च्या हुतात्मा जवानांची यादी आली. तीत माझ्या मोठ्या बाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं नाव होतं. नाव, गाव, तालुका आणि पुढे एक ओळ: 'लहानपणापासून देशसेवेची ओढ होती.' इतक्या वर्षांनी आठवण काढलीत, आमच्या घरच्या सगळ्यांना बरं वाटलं. पण ती ओळ खरी नाही. खरं काय ते आमच्या घरात अजून माहीत आहे, म्हणून लिहिते.

मोठे बाबा १९६६ साली सैन्यात गेले ते घर चालावं म्हणून. बोरी नदीच्या अलीकडे आमची थोडी कोरडवाहू जमीन. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं, त्यात आत्याचं लग्न ठरलेलं. धुळ्याला भरती निघाली आहे असं बाजारात कळलं आणि ते आजोबांना न विचारता गेले. तोफखान्यात निवड झाली, नाशिकरोडला ट्रेनिंग झालं. पहिली मनीऑर्डर आली तेव्हा आजोबांनी ते पैसे तसेच सोसायटीत नेऊन भरले. पोटासाठी गेलेल्या माणसाचं मरण काही कमी मोलाचं नसतं. उलट मला तर वाटतं, घरासाठी गेलेला हा माणूस तोफेजवळ उभं राहायची वेळ आली तेव्हा मागे हटला नाही, हेच सांगण्यासारखं आहे.

त्यांची पत्रं माझ्याजवळ आहेत. सगळी निळी आंतर्देशीय, पत्ता '५६ एपीओ' म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा, त्यामुळे ते नेमके कुठे आहेत हे घरी कधी कळायचं नाही. लढाईबद्दल त्यांत जवळजवळ काही नाही. विहिरीला किती परस पाणी आहे, कपाशीवर बोंडअळी पडली का, तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का, धाकट्याची शाळा बुडवू नका, हेच सगळं. हा धाकटा म्हणजे माझे वडील. तेव्हा ते नववीत होते आणि पत्रं वाचून दाखवायचं काम त्यांचं. १९७१ च्या दिवाळीनंतर आलेल्या शेवटच्या पत्रात एवढंच आहे की इकडे थंडी फार आहे, दादर (रब्बी ज्वारी) निघाली की रजा टाकतो.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं, दुसऱ्या दिवशी रात्री पश्चिमेकडचंही युद्ध थांबलं. गावात गूळ वाटला. आजीनेही वाटला. तार आली ती त्यानंतर. तार इंग्रजीत, घरात कोणाला वाचता येईना. वडील ती घेऊन हेडमास्तरांकडे पळत गेले. हेडमास्तरांनी वाचली, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि वडिलांबरोबर आमच्या शेतापर्यंत पायी आले. कपाशीची वेचणी चालू होती. मोठे बाबा शकरगड भागात तोफगोळ्यानं गेले होते. वय २४.

आजच्या मुलांना एक गोष्ट सांगावी लागते. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावात येते, मिरवणूक निघते, मंत्री येतात, हे सगळीकडे दिसू लागलं ते १९९९ च्या कारगिलपासून. १९७१ मध्ये बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार तिकडेच, सीमेजवळ झाले. आमच्याकडे आली ती एक काळी ट्रंक. तीत गणवेश, दाढीचं सामान, आत्याने विणलेला मफलर आणि आमचीच पत्रं.

म्हणून आजीला ते पटलंच नाही. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्याच्या घरी त्या वर्षी कोणी गेलेलं असतं, त्याला नवी घागर भरावीच लागते. १९७२ ची आखाजी आली, लेकी माहेरी आल्या, गल्लीत झोके बांधले गेले, खापरावर मांडे भाजले गेले. आजोबांनी घागर आणून ठेवली होती. आजीनं हात लावला नाही. ''मन्हा आंडोरले मी दखं नही, मंग घागर कसी भरू?'' (माझ्या मुलाला मी पाहिलं नाही, मग घागर कशी भरू?) एवढंच ती म्हणाली. ती घागर कितीतरी वर्षं भरली गेली नाही. आजोबा गेले त्या वर्षी आजीने दोन्ही घागरी एकदम भरल्या. असं का, ते आम्ही कोणी तिला विचारलं नाही.

त्याच १९७२ मध्ये मोठा दुष्काळ पडला. तार येऊन वर्षही झालं नव्हतं आणि आजी आणि मोठी माय, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी शिजायची. कागदावर मोठ्या मायचं नाव एक आणि लग्नातलं नाव दुसरं, एवढ्यावरून पेन्शनचे कागद एका कार्यालयात अडकून पडले होते. माझ्या वडिलांची शाळा सुटली ती तेव्हाच. त्यांना अमळनेरच्या प्रताप कॉलेजात शिकायचं होतं. भावाच्या पत्रांतही तेच लिहिलेलं होतं. पुढे आयुष्यभर त्यांनी कपाशी केली. हे बलिदान कोणत्या यादीत येतं?

आणि मोठी माय. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, त्यातले नवरा-बायको म्हणून एकत्र गेलेले दिवस म्हणजे रजेचे. मूलबाळ नाही. तिचे वडील तिला न्यायला आले, आजीही म्हणाली की पोरी, तू पाट लाव, आमची आडकाठी नाही. ती गेली नाही. तिचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं. माझ्या वडिलांकडून रात्री कंदिलावर शिकून ती बाहेरून सातवी पास झाली आणि पुढे गावात अंगणवाडी आली तेव्हा सेविका झाली. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. तिला सगळे बाई म्हणतात. ती कोणाची पत्नी आहे हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं. माझा मुलगा तिथे जाऊन आला. त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर २५ हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांत त्याला मोठे बाबा सापडले. त्याने फोटो पाठवला, मोठ्या मायने तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून पाहिला. विटेवर एका माणसाचं नाव मावतं, तेवढं पुरे आहे. पण वर्तमानपत्राला जागेची तशी अडचण नाही.

माझी मागणी इतकीच. पुढच्या वर्षीपासून यादी छापाल तेव्हा दर वर्षी दोन-तीन घरं तरी गाठा. शेती किती होती, कर्ज होतं का, पत्रं कोण वाचायचं, तो गेल्यावर नांगर कोणी धरला, कोणाची शाळा सुटली, बायकोने पुढे काय केलं, हे विचारा. १९६२ आणि १९६५ च्या जवानांच्या वीरपत्नी आता फार थोड्या उरल्या आहेत. १९७१ च्या आहेत, पण सत्तरी ओलांडलेल्या. आत्ता विचारलं नाही तर मग 'देशसेवेची ओढ' एवढंच लिहायला उरेल.

आमच्या घरापासून सुरुवात करायची असेल तर पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या मी काढून ठेवते. मोठी माय अजून सगळं सांगते, तारखांसकट. दुपारी मात्र तिला थकवा येतो, तेव्हा बातमीदाराला सकाळच्या पहिल्या एसटीने पाठवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. पारोळा, जि. जळगाव