बर्फ थंड आहे हे कोण सांगतं, हात की त्वचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शाळेबद्दलची पत्रं येतात ती बहुतेक दप्तराच्या ओझ्यावर नाहीतर परीक्षेवर असतात, माझा विषय त्यामानाने बारीक आहे, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

माझी मुलगी पहिलीत आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा ज्ञानेंद्रियांचा धडा झाला आणि घरी वर्कशीट आलं, चित्रं, जोड्या लावा, रिकाम्या जागा वगैरे. त्यात एक प्रश्न होता, बर्फ थंड आहे हे आपल्याला कशामुळे कळतं? तिने लिहिलं "हात". लाल फुली. बरोबर उत्तर "त्वचा". आता पुस्तकाप्रमाणे बाईंचं बरोबरच आहे, एवढी पोरं सांभाळून वर तपासत बसायचं म्हणजे चेष्टा नाही, त्यामुळे त्यांच्यावर राग नाही. पण जिने बर्फ खरंच हातात धरलाय तिला फुली आणि ज्याने तक्ता पाठ केलाय त्याला शाबासकी, हे काही मला पटलं नाही. डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो हे तर पोरं तीन वर्षांची असल्यापासून करतच आलेली असतात, तेच त्यांना परत घोकायला लावून आपण नवीन काय दिलं?

त्याच संध्याकाळी आमची कन्या घरात गोल गोल फिरली, धपकन बसली आणि म्हणाली बाबा घर फिरतंय, हे कुठलं इंद्रिय? मी गप्प. तक्त्यावर पाचच आहेत ना. मग वाचून बघितलं तेव्हा कळलं की कानाच्या आत, पार खोलवर, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यात पाणीदार द्रव असतो, आपण फिरायचे थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ फिरत राहतो म्हणून मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. म्हणजे कान ऐकण्यापुरता नाहीच, तोल पण तोच सांभाळतो! तसंच डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघा, बरोबर लागतं, तेव्हा हात कुठे आहे हे ना डोळे सांगतात ना कान, स्नायू आणि सांधे सांगतात. भूक लागली, सू लागली हे कळणं ते आणखी वेगळंच. पाचची यादी ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलीय, आपल्याकडेही पाचच मोजली, सुरुवातीला तेवढी सांगायला हरकत नाही, पण पोराने सहावं विचारलं तर "गप बस, पाचच असतात" असं तरी म्हणू नये.

आणि तो जिभेचा नकाशा! टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट खारट. मी पण शाळेत हीच आकृती काढून मार्क घेतलेत, आणि अजून तक्त्यांवर दिसते. हे चूक आहे हो. 1901 साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांत चव कळण्यात अगदी थोडा फरक पडतो एवढंच मोजलं होतं, पुढे 1942 मध्ये बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात तो आलेख असा काही उतरला की लोकांनी जिभेचे प्लॉटच पाडले. खरं तर चव ओळखणाऱ्या कळ्या आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. यासाठी लॅब लागत नाही, चिमूटभर साखर जिभेच्या कडेला ठेवली की पोरगं स्वतःच सांगतं गोड लागतंय म्हणून. आमच्या कन्येने तर वर विचारलं, मग पुस्तकात कोणी ट्राय करून नाही बघितलं का?

तिखटाचं तर आणखी मजेशीर. शास्त्राच्या हिशोबात तिखट ही चवच नाही, मिरचीतला पदार्थ उष्णता आणि दुखणं सांगणाऱ्या नसांना चाळवतो, मेंदूला वाटतं भाजलं. ही भानगड शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं (अर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत, त्यांचं काम दाब आणि स्पर्शावरचं). आपण मात्र कधीपासून म्हणतोय, तोंडाची आग झाली!

माझं म्हणणं इतकंच आहे की हा धडा घोकायचा नाहीच, करून बघायचा आहे, आणि त्यातही इंद्रियं जिथे फसतात तिथे पोरांना जास्त मजा येते. तीन वाट्या घ्या, एकीत गार पाणी, एकीत सोसेल इतकं गरम, मधलीत कोमट. एक हात गारात, एक गरमात, मिनिटभराने दोन्ही एकदम कोमटात. एक हात म्हणतो गरम आहे, दुसरा म्हणतो गार आहे, आणि पाणी तर एकच! सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने हेच उदाहरण दिलं होतं, आमच्याकडे ते बाथरूममध्ये झालं आणि अर्धा तास कोणी बाहेर यायला तयार नाही. किंवा दोन बोथट पेन्सिली जवळजवळ धरून पाठीला टेकवा, पोरगं सांगतं एकच आहे, चार-एक सेंटिमीटरपर्यंत लांब नेल्या तर कुठे दोन कळतात. बोटाच्या टोकाला तेच दोन-तीन मिलिमीटरवर कळतं. ब्रेल लिपीतले ठिपके साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, ते बोटाने वाचता येतात आणि कोपराने का नाही, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र तक्त्यात कधीच नसते ती म्हणजे शब्द. डोळे बांधून पिशवीत हात घालायला लावला की पोरं म्हणतात "कसंतरी लागतंय", संपलं. मग आपण म्हणायचं खरखरीत आहे का गुळगुळीत, लिबलिबीत, टोचरं, बुळबुळीत? वासाला पण छान आणि घाण एवढे दोनच शब्द का, कुबट, करपट, उग्र, कोंदट हे कधी शिकणार? आवाजाला तर आपल्याकडे नुसती रेलचेल, टपटप, सळसळ, खणखण, किरकिर, धप्प. शब्द मिळाला की त्यातला फरक पण जाणवायला लागतो असा माझा अनुभव आहे. (डोळे बांधायला घाबरणारी मुलं असतात, त्यांना जबरदस्ती करू नका, मिटले तरी चालतात. आणि चव घ्यायला देताना ॲलर्जी आधी विचारा, अनोळखी बाटलीचा वास तर थेट नाक लावून घ्यायचाच नाही, हाताने वारा घालून लांबून घ्यायचा हेही तेव्हाच सांगून टाकावं.)

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. असाच खेळ चालला होता, एक डोळा झाकून काय दिसतं ते सांगायचं. माझा पाच वर्षांचा भाचा, उजवा डोळा झाकला तर काही नाही, मजेत सांगत होता, डावा झाकला की चिडायचा, हात ढकलून द्यायचा. आम्हाला वाटलं नाटकं करतोय. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा बहिणीच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांनी तपासलं तर उजव्या डोळ्याला मोठा नंबर, मेंदू त्या डोळ्याकडे लक्षच देत नव्हता, आळशी डोळा म्हणतात त्याला. आता चष्मा आहे आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टर म्हणाले लहान वयात कळलं हे बरं, सात-आठ वर्षांनंतर सुधारणं अवघड होत जातं. त्याने स्वतः कधी तक्रार केली नव्हती, करणार तरी कशी, त्याला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. कानाचं पण तसंच, पाठीमागून हळू आवाजात हाक मारली आणि पोराने वळूनच बघितलं नाही तर दरवेळी ते हट्टीच असतं असं नाही. "डोळ्यांनी आपण पाहतो" ही रिकामी जागा भाच्याने बिनचूक भरली होती बरं का, पूर्ण मार्क.

तुमच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला शब्दकोडं असतं, त्याच्याच बाजूला असा एखादा करून बघायचा खेळ छापता आला तर बघा, जागा फार लागणार नाही. आणि जिभेचा तो नकाशा कुठल्या शाळेच्या भिंतीवर असेल तर कृपा करून काढून टाकावा.

आपला,
पहिलीतल्या एका मुलीचा बाबा

ता.क. ते वर्कशीट सही करून परत द्यायचं होतं. लाल फुलीशेजारी कन्येने पेन्सिलने लिहिलंय, "हाताला पण त्वचा असते". मी खोडलं नाही, खाली सही केली.