मी भिंती बघायला गेलो नव्हतो

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आम्ही मॉस्कोहून सांगलीला सुखरूप पोचलो. घरी आल्यावर तुझा मेसेज वाचला. ‘बाबा, कॅफे पुश्किन सगळं नाटकी आहे, तुम्हाला एखाद्या खऱ्या जुन्या ठिकाणी न्यायला हवं होतं.’ मला हे पटलेलं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

नाटकी आहे, मान्य. 1964 साली जिल्बेर बेको नावाच्या फ्रेंच गायकाने मॉस्कोवरच्या गाण्यात कॅफे पुश्किनचं नाव घेतलं, तेव्हा असं हॉटेल मॉस्कोत नव्हतंच, हे तूच आम्हाला सांगितलंस. पुढे आंद्रे देलोस या हॉटेलवाल्याने 1999 मध्ये, रशियन कवी पुश्किनच्या जन्माला 200 वर्षं झाली तेव्हा, त्वेरस्कोय बुलेवारवर ते बांधून काढलं. खाली जुन्या औषधांच्या दुकानाचा थाट, वर ग्रंथालय, आणि पाटीवर नावाच्या शेवटी 1918 च्या सुमाराला लिपीसुधारणेत गळालेलं अक्षर मुद्दाम चिकटवलेलं. पण ज्याचा जन्म पंगती उठवण्यात गेला तो भिंतीचं वय विचारत नाही रे. मी वाढप्यांचे हात बघत होतो.

तुझ्या लक्षात आलं का, आईच्या सूपला आतून जरा उशीर होता. तो वाढपी पोरगा आपल्या दोघांचे सूपचे बाऊल घेऊन निघालाही होता, पण दारापाशी त्याने मागे बघितलं आणि तसाच परत फिरला. तिन्ही बाऊल आले ते एकदमच. त्याला कुणी हाक मारली नाही की डोळे वटारले नाहीत. आपल्या पोरांना हे शिकवताना माझा घसा बसतो.

एकेक पदार्थ गरम आणून वाढायच्या या रीतीला युरोपात रशियन पद्धतच म्हणतात. त्याआधी फ्रेंच मेजवानीत बरेच पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडून ठेवायचे. दिसायला राजेशाही, पण खाईपर्यंत निम्मं गार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियाचा राजदूत कुराकिन याने ही रीत पॅरिसला नेली, असं सांगतात. मात्र तिला माणसं जास्त लागतात, आणि खरा खर्च तिथेच होतो. तू बिल बघून ‘झुंबरांचे पैसे घेतात’ म्हणालास. झुंबराचे असतीलही, पण त्या पोराच्या परत फिरण्याचेही आहेत.

आई शाकाहारी, म्हणून तिचं मला टेन्शन होतं. मार्चमध्ये ईस्टरआधीचा त्यांचा मोठा उपास चालू होता म्हणून वाचलो. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणीही नाही, असं वेगळं मेनूकार्डच मिळालं. काही ठरावीक दिवशी त्यांना मासे चालतात, म्हणून ते तेवढं विचारून घेतलंस, बरं केलंस. मश्रूमचं सूप आणि बीट-बटाट्याचं व्हिनेग्रेत तिने मनापासून खाल्लं. वर तिचा शेरा असा, की दूध-तूप सोडून कसला आलाय उपास! गव्हल्यासारख्या दिसणाऱ्या त्या ग्रेच्काच्या, म्हणजे कुट्टूच्या, दाण्यांना मात्र तिने नाक मुरडलं.

ऑलिव्हिए सॅलड आलं तेव्हा मी गप्प बसलो. 1860 च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटाज रेस्तराँमध्ये ल्युसियाँ ऑलिव्हिए या शेफच्या नावाने गाजलेला हा पदार्थ. आपण तो बुफेत ‘रशियन सॅलड’ म्हणून लावतो आणि वर त्यात अननस घालतो. तिथे ते बोलायची सोय नव्हती.

सगळ्यात मन अडकलं ते पोझार्स्की कटलेटमध्ये. तोर्झोक गावच्या पोझार्स्कीच्या खाणावळीत थांबून कटलेटच खा, असं पुश्किनने 1826 मध्ये मित्राला पत्रातून कवितेत कळवलं होतं. म्हणजे हॉटेल नवं असलं तरी पानातल्या पदार्थाचं नाव पुश्किनच्या ओळखीच्या खाणावळीचं निघालं! वर पावाच्या बारीक तुकड्यांचं कवच, सगळीकडून सारखं सोनेरी, एकही तुकडा करपलेला नाही. काट्याने दाबलं तर कवच कुरकुरलं, आणि आतलं चिकन इतकं मऊ की सुरी उचलावीच लागली नाही. चिकनचा खिमा तळून कोरडा होऊ न देणं सोपं नसतं. आत लोणी आणि भिजवलेला पाव असणार, एवढा अंदाज आला.

आता बिलाचं. व्हिसा आणि मास्टरकार्डने 2022 च्या मार्चमध्ये तिथलं काम थांबवलं, त्यामुळे माझं कार्ड खिशातच राहिलं आणि तू पैसे भरलेस. ते मी तुझ्या इथल्या खात्यात टाकतोय. नको म्हणू नकोस. धंद्याच्या शिक्षणाचा खर्च आहे तो, माझ्या वहीत तसाच लिहिलाय.

इथे आल्यावर शंकरआचाऱ्याकडून दोन घाणे करवून घेतले. चव जमली, पण पावाचे तुकडे तेलात सुटतात. पुन्हा तिकडे गेलास तर त्या पोराला एवढं विचार : पाव ताजा घेतात की शिळा, आणि तळून झाल्यावर भट्टीत घालतात का? मे महिन्यात एका रिसेप्शनची ऑर्डर आहे, त्याआधी कळव.

तुझा,
बाबा